पोटातल्या बाळाची शिदोरी

गेल्या आठवड्यात दवाखान्यात एक सासू-सून आल्या. सुनेला सातवा महिना, पहिलीच खेप. चेहरा पांढुरका, जिभेला रंग नाही, वजन जेमतेम चार किलो वाढलेले. "काय जेवतेस, बाळ?" असे विचारले तर तिने सासूकडे पाहिले. सासूबाईच म्हणाल्या, "डॉक्टर, मीच तिला बेतानं वाढते. पोट अन्नानं भरलं तर मुलाला जागा कुठली? आणि मूल थोराड झालं तर बाळंतपणात अडायचं."

मावशींच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. त्यांच्या सासूनेही त्यांना असेच वाढले होते. अडलेली बाई बैलगाडीत घालून न्यावी लागे त्या काळातली ही भीती आहे. परंतु अन्न जाते जठरात आणि मूल वाढते गर्भाशयात, या दोन खोल्या निरनिराळ्या, हे मला कागदावर चित्र काढून दाखवावे लागले.

मग मूल जेवते कसे? वारेतून. बाळंतपणानंतर जी वार आपण टाकून देतो, ती नऊ महिने बाळाचे तोंड, फुप्फुस आणि मूत्रपिंड या तिघांचे काम करते. आईचे व बाळाचे रक्त एकमेकांत मिसळत नाही. मधल्या पातळ पडद्यातून प्राणवायू, साखर, प्रथिनांचे घटक, लोह पलीकडे जाते आणि बाळाची घाण अलीकडे येते. दिवस भरल्यावर वार साधारण अर्धा किलो भरते, म्हणजे बाळाच्या वजनाचा सहावा हिस्सा. तिची मुख्य जडणघडण पहिल्या चार-पाच महिन्यांतच होते. नेमक्या त्याच काळात उलट्यांनी बाईचे जेवण तुटते. म्हणून अंगात शिल्लक असावी लागते ती दिवस राहण्यापूर्वीची.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्यात असे दिसले, की ज्या गरोदर स्त्रिया पालेभाज्या व फळे वारंवार खात आणि दूध घेत, त्यांची बाळे अंगाने मोठी होती. भाकरी-भाताच्या एकूण प्रमाणाशी तसा संबंध आढळला नाही. शेतातले आणि पाण्याच्या हंड्यांचे जड काम करणाऱ्यांची बाळे लहान भरली. पालेभाजीनेच बाळ वाढते असे यावरून छातीठोक म्हणता येणार नाही, परंतु मेथीची जुडी परवडत नाही असे घर विरळाच.

येथे माझीही एक चूक कबूल करतो. प्रॅक्टिसच्या सुरुवातीला मी गरोदर बाईला टॉनिकची बाटली लिहून मोकळा होत असे. ताटात काय पडते, हे विचारायचे सुचतच नसे. अशाच एका बाईला पुऱ्या दिवसांचे मूल झाले, ते १ किलो ८०० ग्रॅमचे. नंतर कळले, घरातली सगळी जेवली की उरलेले ती खायची. आणि टॉनिक? "ते जावेची पोरं प्यायची, गोड होतं ना!"

तेव्हा मावशींना सांगितले, सुनेला आपल्याबरोबर जेवायला बसवा. रोजच्यापेक्षा एक भाकरी जास्त, वाटीभर उसळ किंवा घट्ट वरण, मेथी, चवळी, शेवग्याचा पाला यांपैकी काहीतरी आणि वर लिंबू. कपभर दूध. चालत असेल तर अंडे. अंडी-मांस वर्ज्य असणाऱ्यांत बी-१२ कमी असते, त्यांनी तेही तपासून घ्यावे. लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज, सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते. ती चहाबरोबर घेऊ नये, कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नाही. शौचास काळे होते, त्याला घाबरू नये. दुपारी कुशीवर पडू द्या. आणि मशेरी बंद! (हे ऐकून सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.)

साखर वाढलेल्या बाईला मात्र "दोघांचे जेवण" म्हणून दुप्पट खाऊ घालू नये. तिचा आहार डॉक्टरांना विचारूनच ठरवावा. आणि उत्तम खाणाऱ्या बाईचीही वार कधीकधी कमी पडते. रक्तदाब वाढतो, मूल खुरटते. तेव्हा तिला "तू नीट खाल्लं नाहीस" असे बोलू नये.

सुनेचे हिमोग्लोबिन ७.८ निघाले. शिरेतून लोह देण्यासाठी तिला तालुक्याला धाडले, सोनोग्राफीही लिहून दिली. उठता उठता मावशींनी विचारलेच, "आणि पपई?" म्हटले, पिकलेली खुशाल द्या, कच्ची नको.

पंधरा दिवसांनी बोलावले आहे. परंतु बाळाची हालचाल कमी वाटली, अंगावरून लाल गेले, किंवा तोंड सुजून डोके ठणकू लागले, तर पंधरा दिवस थांबायचे नाही, रात्र असली तरी थेट रुग्णालय गाठायचे, असे दोघींनाही बजावून ठेवले आहे.