मुलीच्या पोटातील गाठ : लपवू नका, तपासून घ्या



या पानावर आपण नेहमी लागण, खोडवा आणि खतांचे हप्ते यांविषयी बोलतो. आजचा विषय घरातला आहे. ऊसनोंदीसाठी वाड्यावाड्यांतून हिंडताना खळ्यात घटकाभर बसले की घरची दुखणी कानावर येतातच. त्यातले एक कोणी मोठ्याने बोलत नाही : वयात आलेल्या मुलीचे पोट वाढणे.

"चेडवाक वायगोळो झालो" म्हणून ओवा-हिंग दिला जातो. देवळात गाऱ्हाणे घातले जाते. पोट दिसू लागले की शेजारी भलताच संशय घेतात आणि आईबाप मुलीला घराबाहेर पडू देत नाहीत. गाऱ्हाणे जरूर घाला, पण दवाखाना लांबवू नका. ती अंडाशयाची गाठ असू शकते.

अंडाशये म्हणजे गर्भाशयाच्या दोन बाजूंचे, स्त्रीबीज तयार करणारे लहान अवयव. तरुण वयात तिथल्या बहुतेक गाठी साध्या असतात. थोड्या मात्र कर्करोगाच्या निघतात. एरवी हा रोग मुख्यतः पाळी गेलेल्या बायकांचा. विशीच्या आतल्या मुलीला झालाच, तर बहुधा बीज तयार करणाऱ्या मूळ पेशींतून होतो आणि काही आठवड्यांत झपाट्याने वाढतो. ओटीपोट जड वाटणे, सतत दुखणे, वारंवार लघवीला लागणे, पाळी बिघडणे ही लक्षणे. गाठीला पीळ पडला तर एकाएकी असह्य कळ येते, उलट्या होतात. तेव्हा रात्र असली तरी थांबू नये.

यातील काही गाठी गरोदरपणात वाढणारेच द्रव्य रक्तात सोडतात. त्यामुळे मुलगी गरोदर नसतानाही लघवीची चाचणी 'होय' दाखवू शकते. पोरीला बोल लावण्याआधी सोनोग्राफी करा.

दिलासा असा की, याच प्रकाराला औषध चांगले लागू पडते. १९६५ साली अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग यांना जंतूंवर विजेचा प्रयोग करताना प्लॅटिनमचा गुण सापडला. त्यातून सिसप्लॅटिन हे औषध निघाले व १९७८ साली तेथे मंजूर झाले. आज रोग अंडाशयापुरता असतानाच सापडला तर शंभरात नव्वदहून अधिक मुली बऱ्या होतात.

बहुधा एकच अंडाशय काढून दुसरे व गर्भाशय राखता येते. पुढे मूलबाळही होऊ शकते. बीडकडील ऊसतोड भगिनींची गर्भाशये तरुणपणीच काढली गेल्याचा प्रश्न २०१९ साली गाजला, हे आपणांस ठाऊक आहे. म्हणून "सगळेच काढू" असे कोणी म्हणाले तर दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्या. शस्त्रक्रियेआधी गाठीसाठीच्या रक्तचाचण्या झाल्या का, हे विचारा. काढलेली गाठ तपासणीस पाठवावी. कागद जपून ठेवावेत.

मालवणच्या बाजूने आधी ओरोसचे जिल्हा रुग्णालय गाठावे. पुढे गोव्यात बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि मुंबईत परळला १९४१ पासूनचे टाटा रुग्णालय. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात. रेशनकार्ड व आधारकार्ड सोबत ठेवावे.

उसाचे एक बेट वाळले तरी आपण दुसऱ्या दिवशी शेतकी विभागाकडे निरोप धाडता. मुलीच्या बाबतीत त्याहून अधिक घाई करावी, एवढीच विनंती.

– ऊस विकास अधिकारी