देश नकाशावरून पुसला, पण नाव डोंगरावर राहिलं : माउंट कोशियुस्कोची गोष्ट

ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरचा सगळ्यात उंच डोंगर म्हणजे न्यू साउथ वेल्स राज्यातला माउंट कोशियुस्को. उंची 2,228 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा साधारण 580 मीटर जास्त. ग्रॅनाइटचा हा डोंगर राष्ट्रीय उद्यानात येतो आणि हिवाळ्यात त्याच्यावर बर्फ पडतो. नाव मात्र पोलंडच्या एका सेनापतीचं. ते तिकडं पोचलं कसं?

1840 साली स्ट्झेलेत्स्की नावाचा पोलिश संशोधक मूळनिवासी वाटाडे घेऊन या भागात चढला. शिखराचा गोलसर माथा बघून त्याला गावाकडचा मातीचा ढिगारा आठवला. क्राकूव शहराजवळ लोकांनी 1820 ते 1823 या काळात घमेल्या-पाट्यांनी माती वाहून 34 मीटर उंच टेकडी उभी केली होती. लढायांच्या मैदानातली मातीसुद्धा तिच्यात टाकली. ती समाधी नव्हे, तादेउश कोशियुस्कोची आठवण.

हा कोशियुस्को आधी अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढला. 1794 साली त्यानं रशियाविरुद्ध उठाव केला. रात्स्वावित्सेच्या लढाईत त्याच्या बाजूनं कुळं उतरली. बंदुका कुठून आणणार? गवत कापायच्या लांब दांड्याच्या विळ्याचं पातं सरळ करून तेच भाल्यासारखं धरलं आणि शत्रूच्या तोफा ताब्यात घेतल्या. पुढच्याच महिन्यात त्यानं जाहीरनामा काढून कुळांची वेठबिगार कमी केली. जमीनदारांना ते काही रुचलं नाही. उठाव त्याच वर्षी मोडला. 1795 साली रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियानं उरलासुरला पोलंडही वाटून घेतला.

म्हणजे स्ट्झेलेत्स्कीनं डोंगराला नाव दिलं तेव्हा पोलंड नावाचा देशच नकाशावर नव्हता!

डोंगराखालचे नगारिगो लोक मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून तिथं राहतात. आता डोंगराला मूळनिवासी नावही जोडावं अशी मागणी झाली, पण कोणतं नाव खरं यावर त्यांच्यातच एकमत नाही. इंग्रजांनी तर पोलिश नावातलं एक अक्षरच गाळलं होतं. ते सरकारी नोंदीत परत यायला 1997 साल उजाडलं.

कोल्हापूरकरांना पोलिश माणूस नवा नाही. दुसऱ्या महायुद्धात घरदार सुटलेले सुमारे 5,000 पोलिश लोक, त्यात बायका-पोरंच जास्त, 1943 ते 1948 वळिवड्याच्या छावणीत राहिले होते.