सामंतांचं युद्ध सांगणार कोण?

२०२४चा ऑगस्ट पुतळ्यांना भोवला. मुजीबनगर हे बांगलादेशाच्या पहिल्या सरकारनं एप्रिल १९७१मध्ये शपथ घेतली ते ठिकाण. तिथल्या स्मारकातली शिल्पं जमावानं फोडली. पाकिस्तानी सैन्याच्या शरणागतीचं शिल्पही त्यातून सुटलं नाही. त्याच महिन्यात, २६ तारखेला, मालवणच्या राजकोटावरचा शिवछत्रपतींचा पुतळा कोसळला. नौदल दिनाचा मुहूर्त साधून उभारलेल्या त्या पुतळ्याला नऊ महिनेही झाले नव्हते. पुढे डिसेंबरात दिल्लीत लष्करप्रमुखांच्या दालनातलं शरणागतीचं प्रसिद्ध चित्र उतरवून माणेकशॉ सेंटरला नेलं. तिन्ही वेळा वाहिन्यांवर यथेच्छ भांडणं झाली. मला मात्र या गदारोळात कॅप्टन मोहन नारायण राव सामंत आठवत राहिले. महावीर चक्राचा हा मानकरी, पण त्याच्या नावानं कुणी भांडतसुद्धा नाही!

माझ्या पिढीनं एकाहत्तरचं युद्ध अंधारात पाहिलं, म्हणजे अगदी शब्दशः. मुंबईत ब्लॅकआऊट होता. खिडक्यांच्या काचांना खाकी कागद चिकटवलेले, मोटारींचे दिवे अर्धे काळे रंगवलेले, आणि चाळीच्या गॅलरीत कुणी विडी पेटवली तरी खालून ओरडा. गिरगावातल्या आमच्या चाळीत दोघे गोदीत कामाला होते, त्यामुळे नौदल हे आम्हाला घरचं कार्य वाटायचं. ४ डिसेंबरच्या रात्री क्षेपणास्त्र नौकांनी कराची पेटवली तेव्हा पेढे वाटले. ‘खुकरी’ बुडाली आणि कॅप्टन मुल्ला जहाजाबरोबर गेले, ते कळलं तेव्हा त्याच गॅलरीत कुणाला बोलवेना. ‘विक्रांत’ पूर्वेला लढत होती, याचा तर आम्हाला असा अभिमान, जणू तिची वर्गणी आम्हीच भरली होती.

या सगळ्यात सामंत कुठे होते? ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसावं हीच तर योजना होती. सामंत मूळचे पाणबुडीवाले. १९६९मध्ये सोव्हिएत संघातल्या रिगा बंदरात ‘करंज’ पाणबुडी नौदलात दाखल झाली, तिचे ते पहिले कमांडिंग ऑफिसर. एकाहत्तर साली नौदलप्रमुख ॲडमिरल नंदा आणि नौदल गुप्तवार्ता विभागाचे कॅप्टन मिहिर रॉय यांनी त्यांच्यावर वेगळंच काम सोपवलं: पूर्व पाकिस्तानातून आलेल्या पोरांचं नौकमांडो दल उभं करायचं आणि शत्रूची बंदरं पाण्याखालून बंद पाडायची.

सुरुवात झाली आठ माणसांनी. फ्रान्समधल्या तुलाँ बंदरात असलेल्या ‘मांग्रो’ या पाकिस्तानी पाणबुडीवरून आठ बंगाली नौसैनिक निसटले आणि माद्रिदच्या भारतीय वकिलातीमार्फत इकडे पोचले. मग प्लासीला, भागीरथीच्या काठी, छावणी पडली. भरती झालेली बहुतेक पोरं कॉलेजात जाणारी, नाहीतर शेतावरची. हातात बंदूक न धरलेली, पण नदीत वाढलेली. अंगाला विटा बांधून त्यांना प्रवाहाविरुद्ध तासन्‌तास पोहायला लावत. पायात फिन्स, कमरेला सुरा आणि गमछानं छातीशी बांधलेला लिंपेट सुरुंग, एवढाच सरंजाम. त्यात या सुरुंगाची एक अडचण होती. पाण्यात विरघळणारी त्याची गुडदी अर्ध्या तासात विरघळून स्फोट व्हायचा आणि पोराला जहाजापर्यंत पोहून परत यायला त्याहून जास्त वेळ लागायचा. तोडगा निघाला निरोधचा. गुडदीवर निरोध चढवायचा, जहाजाशी पोचल्यावर काढायचा. प्लासीतल्या एवढ्याशा छावणीला एवढे निरोध कशाला लागतात, हे कोड्यात टाकणारंच होतं.

हल्ल्याचा इशारा मिळाला तो आकाशवाणीच्या कोलकाता केंद्रावरून लागलेल्या दोन ठरावीक गाण्यांतून. त्यातलं पहिलं पंकज मलिकांच्या आवाजातलं होतं. ते लागलं की तयारीला लागायचं, दुसरं लागलं की निघायचं. १५ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर चट्टग्राम, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज या चारही बंदरांत स्फोट झाले. चट्टग्रामला ‘अल-अब्बास’ आणि ‘हुर्मुझ’ ही जहाजं जायबंदी झाली. पूर्व पाकिस्तानात सगळं सुरळीत चालू आहे, असं जगाला सांगणाऱ्या याह्याखानांची त्या रात्री पुरती शोभा झाली.

डिसेंबरात सामंत स्वतः नदीत उतरले. कोलकाता पोर्ट ट्रस्टच्या दोन जुन्या बोटींवर बोफोर्स तोफा बसवून त्यांच्या ‘पद्मा’ आणि ‘पलाश’ या गनबोटी केल्या होत्या. सोबत होती नौदलाची ‘पनवेल’, आपल्या रायगडातल्या गावाचं नाव लावणारी छोटी गस्ती नौका, आणि सीमा सुरक्षा दलाची एक बोट. ८ डिसेंबरला हसनाबादहून हा ताफा सुंदरबनच्या खाड्यांतून निघाला. अनोळखी पाणी, अरुंद फाटे, दोन्ही काठांवर दाट झाडी. मोंगला हातात आलं आणि १० तारखेला ताफा खुलन्याकडे वळला.

तिथे आकाशातून आली ती आपलीच विमानं. बोटींवर पिवळी खूण होती. आपल्या वैमानिकांनी ओळखावं म्हणूनच ती ठेवली होती. तरीही भारतीय हवाई दलाच्या विमानांनी ‘पद्मा’ आणि ‘पलाश’वर हल्ला चढवला. ‘पनवेल’वरून सामंतांनी बजावलं, गोळी चालवू नका, ती आपली आहेत. दोन्ही बोटी पेटल्या. ‘पलाश’च्या इंजिनरूममध्ये रूहुल अमीन यंत्र चालू ठेवायला धडपडत होते. अखेर ते पोहत काठाला लागले आणि तिथे पाकिस्तानी सैन्याच्या साथीदार रझाकारांनी त्यांना ठार केलं. बांगलादेशाच्या सात वीरश्रेष्ठांपैकी ते एक. वरून मारा चालू असताना ‘पनवेल’नं पाण्यातली माणसं उचलली. सामंतांना महावीर चक्र मिळालं. जखमी अवस्थेत सोबत्यांसाठी लढत राहून शत्रूच्या हाती सापडलेले लीडिंग सीमन चिमण सिंग यांनाही ते मिळालं.

मोठा सेनानी म्हणजे तुतारी, घोडा आणि धीरगंभीर संवाद, असं आमच्या सिनेमांनी ठसवलं आहे. मला विचाराल तर त्या दुपारी, आपलीच विमानं आपल्यावर आग ओकत असताना, तोफांना गप्प बसवणारा आणि मग माणसं वेचत राहणारा अधिकारी त्यांच्याहून मोठा.

सत्तरचं दशक पुढे अशा घाईनं गेलं की या कथेला जागाच उरली नाही. बहात्तरचा दुष्काळ आला, सुकडीच्या रांगा लागल्या, रेल्वेचा संप झाला, आणीबाणी आली. ऑगस्ट पंचाहत्तरमध्ये मुजीब मारले गेले आणि ‘एवढं करून काय मिळवलं?’ असं म्हणायची साथ पसरली. मी तेव्हा लिहू लागलो होतो. गोदीतल्या शेजाऱ्यांकडून नदीतल्या लढाईची कुणकुण लागली, म्हणून एका साप्ताहिकाच्या संपादकांकडे विषय घेऊन गेलो. त्यांनी चष्मा पुसत विचारलं, ‘नौदल नदीत काय करत होतं, मासे धरत होतं?’ पानिपताची रड आणि कान्होजी आंग्र्यांची पुण्यतिथी त्यांच्याकडे दरवर्षी ठरलेली असायची. कान्होजींबद्दल माझी तक्रार नाही. पण तीनशे वर्षांपूर्वीच्या सागरवीरापुढे उदबत्ती लावायची आणि आपल्याच काळातल्याला ओळखायचंही नाही, ही आमची जुनी खोड आहे.

ऐंशीच्या दशकाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. १९८७मध्ये नौदलानं आपलं खास मरीन कमांडो दल उभारलं, ते पुढे ‘मार्कोस’ झालं. उरणजवळच्या करंजाला त्यांचं ठाणं आहे. २६/११ला ताजमध्ये शिरलेल्या त्यांच्या माणसांना सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. प्लासीच्या विटा बांधलेल्या पोरांशी त्यांचं नातं मात्र सहसा कुणी जोडत नाही. ‘विक्रांत’ निवृत्त झाली, काही वर्षं संग्रहालय म्हणून उभी राहिली, आणि २०१४मध्ये भंगारात निघाली. दारूखान्यात तिचे तुकडे झाले. त्या पोलादातून मोटारसायकली निघाल्या आणि त्यालाही आम्ही देशभक्ती म्हटलं.

सामंतांची गोष्ट सविस्तर बाहेर आली ती २०१९मध्ये, संदीप उन्नीथन यांच्यासोबत त्यांनी लिहिलेल्या ‘ऑपरेशन एक्स’ या इंग्रजी पुस्तकातून. त्याच वर्षी मार्चमध्ये ते गेले. म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षं गुपित सांभाळलं आणि ते उघडेपर्यंत सांगणारा संपला. काही बांगलादेशी लेखांत तर ते ‘मनेंद्रनाथ सामंत’ होऊन बसले आहेत. लिहिणाऱ्यांचा काय दोष? आपणच त्यांना नीट नाव कळवलं नाही.

युद्धकाळातलं गुपित मला मान्य आहे. ते राखलं नसतं तर ती पोरं चट्टग्रामला पोचलीच नसती. पण लढाई संपल्यावर वर्षानुवर्षं फायली दाबून ठेवण्यात शौर्य नाही, आळस आहे, आणि थोडी भीतीसुद्धा. आपल्याच विमानांनी आपल्याच बोटी बुडवल्या, हे मान्य करायची भीती. आज ढाक्यात एकाहत्तर पुसायचा उद्योग चालला आहे म्हणून आपण संतापतो. पण त्यांनी पुसलं त्याच्या कितीतरी आधी आपण लिहायलाच विसरलो होतो. मुजीबनगरची शिल्पं फुटली, तरी प्लासीची छावणी, खुलन्याची रूपसा नदी आणि ‘पनवेल’वरचा तो हुकूम कुणाला फोडता येत नाही. त्या गोष्टी कागदावर असाव्या लागतात, आणि शाळेतल्या पोरांना ठाऊक असाव्या लागतात.

म्हणून राज्य सरकारला एकच सांगणं आहे. पुढच्या नौदल दिनाला नवा चौथरा बांधायच्या आधी पाठ्यपुस्तकातली दोन पानं सामंतांना द्या. त्यात विटा बांधून पोहणारी पोरं असू द्या, रूहुल अमीन असू द्या, आणि खुलन्याच्या आकाशातली आपली विमानंही गाळू नका. चूक झाल्यावर अधिकाऱ्यानं कसं वागायचं असतं, हे पोरांना शिकवायला याहून चांगला धडा मला तरी माहीत नाही.