इंजिनाचा बंब

संपादकांनी सांगितलं होतं, कॅम्पर व्हॅन कशी तयार होते ते बघून या. पलंग, ओटा, खिडक्या, सगळं. मी भोसरीतल्या त्या शेडमध्ये चार दिवस जाऊन बसले आणि चारही दिवस एका वीस लिटरच्या टाकीपाशीच काढले.

गाडी ट्रॅव्हलर. मालकीणबाई बँकेतून निवृत्त झालेल्या, सोबत पंच्याहत्तरीची आई. दोघींना स्पितीपर्यंत जायचंय. आजींचे गुडघे रात्रीतून आखडतात; सकाळी गरम पाणी अंगावर पडलं नाही तर दुपारपर्यंत त्यांना धड चालता येत नाही. म्हणून बाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "दादा, बाकी काय कमी करायचं ते करा. आईला सकाळी दोन बादल्या पाणी मिळालं पाहिजे, गाडी कुठेही उभी असो."

"मिळेल ताई," मिस्तरी म्हणाले. "पण गॅसवर नाही."

गाडीत घर थाटायची हौस जुनी आहे. फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्ये पलंग आणि कपाटं बसवून द्यायला जर्मनीत वेस्टफालियानं १९५१ साली सुरुवात केली. ट्रॅव्हलरही मूळची जर्मनच. मर्सिडीजच्या व्हॅनवरून बेतलेली ही गाडी बजाज टेम्पोनं १९८७ साली आपल्या रस्त्यांवर आणली. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. एवढा इतिहास पुरे, कारण मिस्तरी तोवर गॅस का नको ते सांगायला लागले होते.

दर हिवाळ्यात आपल्याकडे बातमी येतेच: बंद बाथरूममध्ये गॅस गीझर चालू होता आणि आत गेलेलं माणूस बाहेर आलं नाही. हवा अपुरी पडली की ज्योत नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. व्हॅन तर त्या बाथरूमहून फार मोठी नाही, आणि थंडीत तिच्या सगळ्या काचा वर असतात. बाहेरची हवा घेऊन धूरही बाहेरच सोडणारे बंदिस्त गॅस हीटर असतात, चांगले असतात. पण स्वस्तातला घरगुती गीझर व्हॅनमध्ये टांगून देणारे लोक मिस्तरींनी पाहिलेत आणि त्या कामाला ते हात लावत नाहीत. डिझेलवरचा हीटरही त्यांनी इथे नाकारला. साडेतीन हजार मीटरच्या वर हवा विरळ होते, डिझेल पुरतं जळत नाही आणि हीटरच्या पोटात काजळी साचते.

मग वीज? त्यांनी खडूनं फरशीवर हिशेब मांडला. वीस लिटर पाणी २० अंशांवरून ६५ पर्यंत न्यायला साधारण एक युनिट वीज लागते. घरी एका युनिटचा कोणी विचार करत नाही. बारा व्होल्टच्या बॅटरीतून मात्र ते सत्त्याऐंशी अँपिअर-तास होतात. लेडची शंभरची बॅटरी अर्ध्याखाली उतरवायची नसते, म्हणजे एका अंघोळीला जवळजवळ दोन बॅटऱ्या गेल्या.

"आणि इकडे," मिस्तरींनी बॉनेटवर थाप मारली, "फुकटचा बंब पेटलेलाच आहे."

डिझेलमधल्या उष्णतेचा ढोबळमानानं एक तृतीयांश भाग चाकांपर्यंत पोचतो, तेवढाच सायलेन्सरमधून जातो आणि तेवढाच कूलंट रेडिएटरपर्यंत नेऊन वाऱ्यावर सोडून देतं. हे कूलंट ८५ ते ९० अंशांवर फिरत असतं. केबिनच्या हीटरकडे जाणाऱ्या नळीतून ते टाकीकडे वळवायचं, टाकीतल्या तांब्याच्या वेटोळ्यातून फिरवायचं आणि इंजिनाकडे परत पाठवायचं. गाडी मुक्कामाला पोचेपर्यंत पाणी कढत झालेलं असतं. टाकीला दोन इंच पफचं आवरण असलं की सकाळीही ते अंघोळीजोगं राहतं. वीस लिटर ऐकून आजी नाराज झाल्या होत्या. पण ६५ अंशांचं पाणी कोणी अंगावर घेत नाही. त्यात गार मिसळून ४० वर आणलं की त्याचं पंचेचाळीस लिटर होतं. दोन बादल्या भरून वर उरतं.

बंब हा शब्द मिस्तरी उगीच वापरत नाहीत. आपल्या बंबातही मधोमध विस्तवाची नळी आणि तिच्या भोवती पाणी अशीच रचना असते. उष्णतेला बाहेर पडायचं तर पाण्यातूनच जावं लागतं. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत असे बंब ठोकून घडवले जात. घराघरात गीझर आले आणि ती मागणी आटली. मिस्तरी तांबट नव्हेत, ते रेडिएटरवाले. तीस वर्षं त्यांनी ट्रकचे पितळी रेडिएटर उघडले, नळ्या साफ केल्या, कथलाची झाळ मारून गळती बंद केली. मग अॅल्युमिनियमचे, प्लास्टिकच्या डोक्यांचे रेडिएटर आले. त्यांना कथलाची झाळ धरत नाही, फुटला की फेकायचा. धंदा बसला आणि हात रिकामे झाले. त्या हातांना पुन्हा तांबं मिळालं ते या टाकीमुळे.

वेटोळं वळताना मी समोर होते. सहा मीटरची अखंड नळी. आधी ती बर्नरवर टप्प्याटप्प्यानं लाल केली आणि लगेच पाण्यात बुडवली. पोलाद असं बुडवलं तर कडक होतं. तांबं मऊ पडतं. मग नळी पुरती वाळवून तिच्यात चाळलेली कोरडी वाळू भरली. भरताना ते लाकडी हातोडीनं नळीवर हलकेच ठोकत होते आणि आवाज ऐकत होते. पोकळ आवाज आला की आणखी वाळू. दोन्ही तोंडांना लाकडी खुंट्या मारल्या आणि नळी एका लोखंडी पाइपाभोवती गुंडाळायला घेतली. वाळू आत असल्यामुळे वळणावर नळी चेपत नाही. सोळा वेढे झाले, एकालाही मोड नाही. मग वाळू काढण्यासाठी अर्धा तास पाणी सोडलं, शेवटचं पाणी पांढऱ्या फडक्यातून गाळलं आणि फडकं उन्हात धरून पाहिलं.

इतका खटाटोप कशासाठी? सहा तुकडे जोडून हेच वेटोळं तासाभरात झालं असतं. "टाकीच्या पोटात जोड नको," ते म्हणाले. "जोड असेल तो बाहेर, डोळ्यासमोर."

याचं कारण कळलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. कूलंटमध्ये एथिलिन ग्लायकॉल असतं. ते विषारी आणि चवीला गोडसर असतं. पंप चालू असताना नळाच्या पाण्याचा दाब दोन बारच्या आसपास, कूलंटचा त्याहून कमी. अशा वेळी वेटोळं फुटलं तर पाणी इंजिनात जाईल, गाडी तापेल, लक्षात येईल. पण पंप बंद करून कोणी नळ उघडला, तर टाकीतला दाब उतरतो आणि कूलंट उलट अंघोळीच्या पाण्यात शिरतं. म्हणून या नळाचं पाणी चहाला घ्यायचं नाही, चूळही भरायची नाही. बाईंनी तशी चिठ्ठी आधीच लिहून ओट्यावर चिकटवली आहे.

एक अडचण सुटली की तिच्या मागे दुसरी उभीच. पाणी तापलं की फुगतं. वीस लिटरला साधारण तिसरा हिस्सा लिटर. बंबाला वरून तोंड मोकळं असतं. इथे सगळं बंद. म्हणून हवेची पिशवी असलेलं छोटं भांडं बसवलं आणि तेही कमी पडलं तर दाब सोडणारा व्हॉल्व्ह, त्याचं तोंड गाडीखाली, माणसाच्या अंगापासून लांब. पाणी कोमट ठेवून भागत नाही, कारण २० ते ४५ अंशांत लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात. १९७६ साली फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलातल्या साथीनंतर ते ओळखले गेले. साठाच्या वर ते मरतात. पण साठाच्या वरचं पाणी आजींची कातडी काही सेकंदांत पोळेल. त्यामुळे गार-गरम आपोआप मिसळणारा व्हॉल्व्ह आला, आणि तो स्वस्तातला घ्यायचा नाही यावर मिस्तरी दुकानदाराशी फोनवर पाऊण तास भांडले. तांब्याचं वेटोळं स्टीलच्या टाकीला टेकलं तर पाण्यात एक धातू दुसऱ्याला खातो, म्हणून मध्ये टेफ्लॉनच्या चकत्या. बोअरचं पाणी भरलं तर क्षार धरणार, म्हणून टाकीला हात जाईल एवढं झाकण. स्पितीत रात्री पाणी गोठून नळ्या तडकणार, म्हणून सगळ्यात खालच्या बिंदूला एक तोटी. थंडी वाढली की ती उघडून सगळं पाणी सोडून द्यायचं. वापरलेल्या पाण्याला खाली वेगळी टाकी, आणि त्या सगळ्याचं वजन घाटात ब्रेकवर. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. मूळ गाडीत मनाला येईल तसे बदल चालत नाहीत. त्या फाइलीसाठी बाईंच्या आरटीओत खेपा चालूच आहेत.

तिसऱ्या दिवशी कूलंट भरलं आणि नळीत हवा धरली. इंजिन गरम, टाकी थंड. मिस्तरींनी पुढची चाकं फळ्यांवर चढवली, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच झालं. गाडी चालू ठेवून ते अर्धा तास होज दाबत राहिले. बुडबुडे येत होते, थांबत होते, पुन्हा येत होते. अखेर टाकीचा खालचा पाइप हाताला चटका देऊ लागला. आजी खुर्चीतून उठून आल्या, तळहात टाकीला लावून उभ्या राहिल्या आणि बराच वेळ त्यांनी तो काढला नाही.

रात्री मिस्तरींनी बाहेरच्या प्रत्येक जोडाखाली कोऱ्या कागदाचा तुकडा ठेवला. या गाडीतलं कूलंट हिरवं, कागदावर लपत नाही. चौथ्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी बॅटरी लावून एकेक कागद काढला. सात कोरे. आठव्यावर रुपयाएवढा हिरवा डाग. शनिवारी निघायचं ठरलं होतं, तो शुक्रवार होता. मिस्तरींनी बाईंना फोन लावला, "ताई, उद्या नाही जमायचं," एवढं सांगितलं आणि पाना घेऊन पाठीवर गाडीखाली सरकले.