टप, आसन आणि आल्याची गाडी

गेल्या महिन्यात माझा एक माजी विद्यार्थी रहिमतपूरला आला असता मुद्दाम घरी भेटावयास आला. पदवी घेऊन तो पुण्यास नोकरीला लागला, त्यालाही आता सात-आठ वर्षे झाली. वडील आल्याचे शेतकरी. चहापाणी झाल्यावर त्याने खिशातून एक कागद काढला आणि परीक्षेतील शंका विचारावी तितक्या गांभीर्याने विचारले, ‘सर, गाडी घ्यायची आहे. उघड्या टपाची घ्यावी की बंद टपाची?’

कागदावर दोन गाड्यांची तुलना मांडलेली होती. दोन्ही परदेशी बनावटीच्या, वापरलेल्या, एकाच कंपनीच्या, सारख्याच वयाच्या आणि क्रीडामोटार या वर्गातल्या. एकीला पक्के छप्पर होते, म्हणजे ती ‘कूपे’. दुसरीचे कापडी छप्पर कळ दाबताच दुमडून मागे जात होते, म्हणजे ती ‘कन्व्हर्टिबल’. उघडी गाडी बंद गाडीपेक्षा दोन लाखांनी महाग होती. पैसा काही पगारातून शिल्लक पडलेला आणि उरलेला आल्याचा. आमच्या भागात आल्याचा भाव गाडीवर सांगतात आणि एक गाडी म्हणजे पाचशे किलो. २०२३ साली हा भाव कडाडला, तेव्हा वडिलांच्या हाती जी रक्कम आली ती त्यांनी ठेवीत टाकली होती. आता त्या गाड्यांतून ही गाडी निघावयाची होती.

हा प्रश्न चैनीचा आहे, त्यात शिक्षकाने पडू नये, असे क्षणभर वाटले. परंतु उपलब्ध साधने मर्यादित आणि त्यांचे उपयोग अनेक, म्हणून निवड अटळ, हे सूत्र फळ्यावर लिहून ज्याने वीस वर्षे पगार घेतला त्याने प्रत्यक्ष निवड समोर आली असता पळ काढावा, हेही बरे दिसत नव्हते. म्हणून आम्ही दोघांनी तो कागद पुन्हा पहिल्यापासून वाचावयास घेतला.

छपराचे काम

‘कूपे’ हा शब्द आपल्याला रेल्वेने शिकविला. पहिल्या वर्गातील दोघांपुरता लहान डबा तो कूपे. मूळ शब्द फ्रेंच, ‘कापणे’ या क्रियापदावरून आलेला. मोठ्या घोडागाडीचा एक भाग कापून ती आखूड केली की ती कूपे होई. मोटारीने तोच शब्द उचलला आणि उतरत्या छपराच्या, बहुधा दोन दारांच्या, बंद गाडीला लावला.

आता छप्पर म्हणजे केवळ ऊनपावसाचा आडोसा, असा सर्वसाधारण समज असतो. तो खरा नाही. आजच्या मोटारीची बांधणी पेटीसारखी असते, आणि छप्पर हा त्या पेटीच्या मजबुतीचाच एक भाग असतो. पुठ्ठ्याच्या खोक्याचे झाकण कापून टाकावे आणि मग ते दोन्ही हातांनी पिळून पाहावे, म्हणजे हे ध्यानात येईल. छप्पर काढले की गाडी पिळवटू नये म्हणून दाराखालचा भाग आणि तळ जाड करावा लागतो, समोरच्या काचेची चौकट अधिक बळकट करावी लागते आणि गाडी उलटल्यास डोके वाचावे यासाठी निराळी योजना करावी लागते. त्यामुळे टप नसलेली गाडी बहुधा टप असलेल्या गाडीपेक्षा जड आणि महाग असते. एक वस्तू कमी मिळण्यासाठी अधिक किंमत द्यावी लागावी, हे विद्यार्थ्यांना विचित्र वाटते. परंतु ती किंमत नसलेल्या छपराची नसते. छप्पर हवे तेव्हा असावे आणि नको तेव्हा नसावे, या मुभेची असते.

अर्थशास्त्र या मुभेला विकल्पमूल्य म्हणते. आल्याच्या शेतकऱ्याला हे शिकवावे लागत नाही. भाव पडला तर तो आले काढीत नाही. जमिनीतच ठेवतो आणि पुढल्या हंगामाची वाट पाहतो. मात्र ही मुभा फुकट मिळत नाही. पाणी द्यावे लागते, रान अडकून पडते, कंदकुजीची टांगती तलवार राहते. मुभेचे मोल ती कितीदा उपयोगी पडणार यावर ठरते, हे तो हिशेबाने जाणतो. मी विद्यार्थ्याला म्हटले, ‘तुझे वडील आल्याबाबत जे करतात, तेच आपण टपाबाबत करू. टप किती दिवस उघडशील?’

आम्ही दिवस मोजले. जून ते सप्टेंबर बाद झाले. महाबळेश्वरास वर्षाकाठी सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस कोसळतो, आणि रहिमतपुरास त्याच्या पाचव्या हिश्शाइतकाही मिळत नाही. पण उघडी गाडी घेऊन ज्यास हिंडावयाचे तो घाटाकडेच जाणार. मार्च ते मे दुपार बाद. उसाचा हंगाम सुरू झाला की रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि त्यांच्या मागे धुरळा. नोकरी पुण्यात, म्हणजे शनिवार-रविवारच हाती. अखेरीस वर्षाला चाळीस सकाळ-संध्याकाळ उरल्या. त्याचा चेहरा उतरला. पण हिशेब पुढे नेला तेव्हा मलाच थोडे थांबावे लागले. दहा वर्षांत चारशे संध्याकाळ, आणि जादा किंमत दोन लाख. म्हणजे एका संध्याकाळचे पाचशे रुपये. गाडी विकताना त्यातले काही परत यावयाचे, कापडी टप बदलावा लागल्यास काही जावयाचे. हिवाळ्याच्या संध्याकाळी, डोक्यावर आकाश ठेवून, कासच्या पठाराकडे चढत जाण्याचे पाचशे रुपये फार झाले, असे कोणत्या तोंडाने म्हणावे? पुण्यात चौघांनी सिनेमा पाहिला तर याहून अधिक खर्च होतो. माणसाला काय आवडावे हे अर्थशास्त्र ठरवीत नाही. हौसेला तुच्छ लेखणारा हिशेब बहुधा अपुरा असतो.

दुर्मिळतेचा मोह

त्याचा दुसरा युक्तिवाद मात्र मला पटला नाही. उघड्या गाड्या थोड्या असतात, तेव्हा पुढेमागे तिची किंमत चढेल, असे तो म्हणाला. या संदर्भात अमेरिकेतील एक घटना स्मरणात ठेवण्यासारखी आहे. सुरक्षिततेचे नियम उघड्या गाड्यांवर बंदी आणतील, अशी भीती तेथे सत्तरीच्या दशकात पसरली होती. १९७६ सालची कॅडिलॅक एल्डोरॅडो ही अमेरिकेची शेवटची कन्व्हर्टिबल, असा बोलबाला झाला. त्या मालिकेच्या अखेरच्या दोनशे गाड्या मुद्दाम एकसारख्या पांढऱ्या रंगात काढल्या गेल्या. लोकांनी छापील किमतीहून कितीतरी अधिक मोजून त्या घेतल्या आणि पुढील पिढीसाठी झाकून ठेवल्या. क्रायस्लरने १९८२ मध्ये उघडी गाडी पुन्हा बाजारात आणली आणि १९८४ मध्ये खुद्द कॅडिलॅकनेही आणली. झाकून ठेवणाऱ्यांपैकी काहींनी न्यायालयाचे दार ठोठावले. ज्याचा पुरवठा कारखानदाराच्या मर्जीवर वाढू शकतो ते दुर्मिळ नव्हे, हा त्यातला धडा. २०२३ च्या भावाला भुलून पुढच्या साली ज्यांनी अधिक रानात आले लावले आणि पडलेला भाव पाहिला, त्यांना तो निराळा सांगावयास नको.

गोव्याची उघडी, पुण्याची बंद

इतके झाल्यावर मी त्याला आपल्याच प्रदेशातील दोन प्रयत्नांची आठवण दिली. गोव्यात सॅन मोटर्सने १९९८ साली ‘स्टॉर्म’ नावाची दोन आसनांची उघडी मोटार काढली. बाह्यांग फायबरग्लासचे, इंजिन फ्रान्सच्या रेनो कंपनीचे, ११४९ घनसेंटिमीटरचे. पोलादी पत्रा दाबून घडविणारे साचे अतिशय महाग असतात. हजारो गाड्यांवर तो खर्च वाटला गेला तरच परवडतो. त्यामुळे थोड्या गाड्या काढणाऱ्यास फायबरचाच आधार घ्यावा लागतो. पुढे पुण्याजवळ दिलीप छाब्रिया यांच्या डीसी संस्थेने ‘अवंती’ ही बंद टपाची, इंजिन मध्यभागी असलेली कूपे सिद्ध केली. २०१२ च्या दिल्लीतील वाहन प्रदर्शनात ती लोकांपुढे आली. तिचेही इंजिन रेनोचेच, दोन लिटरचे, आणि आसने दोनच. एक उघडी, एक बंद; एक लहान इंजिनाची, एक दांडग्या इंजिनाची; दोहोंच्या किमतीतही मोठे अंतर. तरीही आज दोहोंपैकी एकही कारखान्यातून बाहेर पडत नाही. टपाने काही फरक पडला असे दिसत नाही. जे दोघींत समान होते तिकडे मग लक्ष जाते. दोघींतही तिसऱ्या माणसाला जागा नव्हती.

हे केवळ आपल्याकडे घडले असेही नाही. फोर्ड कंपनीने थंडरबर्ड ही गाडी १९५५ साली दोन आसनांची म्हणून आणली. १९५७ साली तिचा आकडा सुमारे एकवीस हजार होता. १९५८ साली तिला चार आसने दिली. ते वर्ष अमेरिकेत मंदीचे होते, आणि तरीही आकडा अडतीस हजारांच्या घरात गेला. त्याच कंपनीची मस्टँग १९६४ च्या एप्रिलमध्ये आली ती पहिल्यापासूनच चार आसनांची, बंद आणि उघड्या अशा दोन्ही रूपांत. तिच्या पहिल्या हंगामातील आकडे आपल्या प्रश्नाला सरळच उत्तर देतात. साधी बंद कूपे सुमारे पाच लाख, उघडी सुमारे एक लाख. जेथे दोन्ही उपलब्ध होती, आसने सारखीच होती, तेथे सहांतल्या पाचांनी टप पत्करला. पण सहाव्याची हौसही बाजाराने नाकारली नाही. आपल्या नाशिकच्या कारखान्यातून २०२० साली नवी ‘थार’ आली, तीही दुमडत्या कापडी टपाची आणि पक्क्या टपाची अशी दोन्ही रूपांत, आणि २०२३ च्या मार्चमध्ये तिने एक लाखाचा टप्पा ओलांडला. ती क्रीडामोटार नव्हे, जीपची वंशज आहे, तिची किंमतही अवंतीच्या मानाने पुष्कळ कमी होती, हे मान्य. तरीही तिच्यात मागे माणसे बसतात, ही गोष्ट विसरता येत नाही.

आपल्याकडे मोटार व्यक्ती घेत नाही, घर घेते. कर्जाच्या कागदावर सही एकाची असते, पण त्यामागे आईचे दागिने, बापाची ठेव, भावाने मागे ठेवलेली मागणी, असे पुष्कळ काही असते. ज्यांनी किंमत भरली त्यांना बसावयास जागा नाही, अशी वस्तू अशा समाजात फार काळ खपत नाही. ग्राहकाच्या उपयोगितेचा आलेख काढताना आम्ही पाठ्यपुस्तकवाले एकच ग्राहक गृहीत धरतो, ही आमची सोय आहे, वस्तुस्थिती नव्हे.

तिसऱ्या आसनाचा हिशेब

येथे मी त्या विद्यार्थ्याला विचारले, ‘वडील काय म्हणाले?’ तो थोडा घुटमळला. मग म्हणाला, ‘ते एवढंच म्हणाले, टप असू दे न्हाईतर नसू दे, तुझ्या आईला कुठं बसवणार?’

कागदावरील तुलनेत तो रकाना नव्हता. वेग होता, इंजिन होते, मैलाची सरासरी होती. मागच्या आसनाचा उल्लेख नव्हता. वास्तविक कूपे आणि कन्व्हर्टिबल यांतील एक महत्त्वाचा भेद तेथेच असतो. दुमडलेल्या टपाला कोठेतरी जागा लागते, आणि ती बहुधा मागच्या बैठकीची अथवा सामानाची जागा खाते. १९९८ पासून २०२३ पर्यंत निघालेल्या ऑडी टीटी या गाडीचेच पाहा. तिच्या बंद रूपात मागे दोन लहान बैठका असत. उघड्या रूपात त्या नसत. विद्यार्थ्याच्या दोन गाड्यांतही नेमका हाच फरक निघाला. दोन लाख अधिक देऊन तो केवळ आकाश विकत घेणार नव्हता. त्या आकाशासाठी आईची जागाही देणार होता. एखादी गोष्ट निवडताना जी दुसरी गोष्ट सोडावी लागते तीच निवडीची खरी किंमत, असे आम्ही शिकवितो. ही किंमत विक्रेत्याच्या पावतीवर कधीही छापलेली नसते.

मागची ती बैठक सुखाची असते असे मात्र कोणी समजू नये. उतरत्या छपराखाली मोठ्या माणसाचे डोके टेकते, गुडघे पोटाशी येतात. रहिमतपुराहून साताऱ्यापर्यंत ठीक; पंढरपूरला त्यात बसवून नेणे हा आईवर अन्यायच. म्हणून माझे मत मी त्याला स्पष्ट सांगितले. याच दोन गाड्यांत निवड करावयाची असेल तर बंद टपाची घ्यावी. उघडी गाडी घेणे मूर्खपणाचे आहे म्हणून नव्हे. चारशे संध्याकाळींचा आनंद खरा आहे, त्याची किंमतही अवाजवी नाही. ज्याचा पैसा सर्वस्वी स्वतःचा, ज्याच्या घरी चार आसनांची दुसरी गाडी उभी, त्याने ती खुशाल घ्यावी. परंतु आल्याचा तसा भाव वडिलांच्या आयुष्यात पुन्हा येईलच असे नाही. त्या पैशाच्या गाडीत आई आणि वडील एका वेळी बसू शकत नसतील, तर तो पैसा कोणाच्या घामाचा होता याचा पुरावाच गाडीतून पुसला जाईल.

त्याने वाद घातला नाही. गेल्या रविवारी त्याचा फोन आला. आई-वडिलांना घेऊन तो पुण्यात ती बंद गाडी पाहून आला होता. आई मागे बसली, गुडघे आवळून, मान किंचित वाकवून, आणि म्हणाली, ‘ऐसपैस हाय की.’ आईची अशी साक्ष कोणत्याही शास्त्रात ग्राह्य धरता येत नाही, हे मी त्याला सांगितले. सौदा अद्याप पुरा झालेला नाही. चार माणसे नीट बसतील अशी एखादी साधी गाडीही पाहावी, असे आता त्याच्याच मनात घोळते आहे. तो काय घेईल ते घेवो. त्याच्या कागदावर एक रकाना वाढला आहे, आणि शिक्षकाने एवढ्यावर समाधान मानावयास हरकत नसावी.