सौर विद्युत् संच, स्वतंत्र
सार्वजनिक वीजपुरवठ्याच्या जाळ्याशी न जोडता, सूर्यप्रकाशापासून मिळालेली वीज संचायक घटमालेत (बॅटरीत) साठवून ती गरजेप्रमाणे पुरविणारा संच. राहण्याची सोय असलेल्या मोटारगाड्या (व्हॅन), शिडाच्या व इतर लहान नौका आणि वस्तीपासून दूरच्या कुट्या यांमध्ये तो वापरतात. सौर पॅनेल, भारण नियंत्रक (चार्जर), घटमाला, वितळतारा (फ्यूज) व जाड तारा हे त्याचे मुख्य भाग होत. घरगुती उपकरणे चालवावयाची असल्यास एकदिश प्रवाहाचे प्रत्यावर्ती (उलटसुलट दिशेने वाहणाऱ्या) प्रवाहात रूपांतर करणारा इन्व्हर्टरही जोडतात. जाळ्याशी जोडलेल्या घरात वीज जास्त वापरली, तर देयक वाढते. स्वतंत्र संचात दिवे विझतात. म्हणून त्याची आखणी पॅनेलापासून नव्हे, तर खर्चाच्या हिशोबापासून सुरू करावी लागते.

इतिहास : डॅरिल चॅपिन, कॅल्व्हिन फुलर व जेराल्ड पिअर्सन यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५४ साली सिलिकॉनाचा सौर घट तयार केला. त्याची कार्यक्षमता सु. ६ टक्के होती. १९५८ साली व्हॅनगार्ड-१ या उपग्रहावर असे घट बसविण्यात आले. १९७० नंतर ते स्वस्त होऊ लागले, तेव्हा दीपतरंडे व दूरची रेडिओ केंद्रे अशा जागी त्यांचा उपयोग होऊ लागला.

घरगुती वापराचे बोधप्रद उदाहरण नॉर्वेतील आहे. तेथे डोंगरात व किनाऱ्यावर सुटीसाठी बांधलेल्या लाकडी कुट्यांपैकी पुष्कळशा वीजजाळ्यापासून दूर आहेत. १९८० नंतरच्या काळात अशा हजारो कुट्यांवर सौर पॅनेले बसली. उत्तरेकडील या देशात ती उपयोगी ठरावीत, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. कारण डिसेंबरात ऑस्लो येथे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ७° वर असतो. परंतु कुटीत माणसे बहुधा आठवड्याच्या अखेरीसच येतात. लहानसे पॅनेल पाच दिवस थोडीथोडी वीज साठविते व दोन दिवसांत ती खर्च होते. पॅनेल छपराऐवजी भिंतीवर जवळजवळ उभे लावल्यास तिरपे किरण चांगले पडतात आणि त्यावर बर्फही साचत नाही. ऐन हिवाळ्यातील आठवडे मात्र तुटीचेच जातात.

हिशोब : एखाद्या व्हॅनमधील ४५ वॉटचा फ्रिज दिवसातून एकूण ८ तास चालला, तर त्याला ३६० वॉट-तास ऊर्जा लागते. ५ वॉटचे चार दिवे ४ तास लावल्यास ८०, २० वॉटचा पंखा ६ तास चालविल्यास १२० आणि संगणक व दूरध्वनी यांसाठी १४० धरल्यास बेरीज ७०० वॉट-तास होते. पॅनेलावर छापलेला वॉटचा आकडा घटांचे तापमान २५° से. असताना व लख्ख प्रकाश काटकोनात पडत असतानाचा असतो. गाडीच्या तापलेल्या, सपाट छपरावर तो क्वचितच गाठला जातो. उष्णता, तारा व घटमाला यांतील घट ३० टक्के धरल्यास पॅनेलांकडून नाममात्र १,००० वॉट-तासांची अपेक्षा ठेवावी लागते. दिवसाचे ऊन पाच तासांच्या लख्ख उन्हाइतके असेल, तर २०० वॉटची पॅनेले पुरतात. पावसाळी ढगांमुळे ते अडीच तासांवर आले, तर ४०० वॉट, म्हणजे सु. २ चौ. मी. पॅनेले लागतात. आकडा ठरवावयाचा तो वर्षातील सर्वांत वाईट महिन्यावरून. १,५०० वॉटची विजेची शेगडी अर्धा तास वापरली, तरी ७५० वॉट-तास, म्हणजे दिवसाच्या सगळ्या तरतुदीहून अधिक ऊर्जा जाते. त्यामुळे लहान संचांवर अवलंबून असणारे स्वयंपाक बहुधा गॅसवरच करतात.

नौकांना खरा दिलासा पॅनेलांइतकाच दिव्यांनी दिला आहे. नांगरलेल्या नौकेच्या डोलकाठीवरील २५ वॉटचा जुना दिवा बारा तासांच्या रात्रीत ३०० वॉट-तास घेई. ३ वॉटचा एलईडी दिवा ३६ घेतो. नौकेवर सावलीचा उपद्रवही मोठा असतो. पॅनेलातील घट एकसरीत जोडलेले असल्याने डोलकाठीची किंवा दोरांची सावली थोड्या घटांवर पडली, तरी बऱ्याच मोठ्या भागाचा प्रवाह अडतो. म्हणून घटांच्या गटांना पर्यायी मार्ग देणारे डायोड जोडतात.

घटमाला : शिसे-अम्ल घटमाला स्वस्त असते, परंतु तिच्या धारणक्षमतेच्या निम्म्याहून अधिक ऊर्जा वारंवार काढल्यास तिचे आयुष्य घटते. अशा घटमाला अतिवापराने खराब होतात, असा समज आहे. प्रत्यक्षात कित्येक अपुऱ्या भारणाने निकामी होतात. भारण पूर्ण होत आले, की घटमाला कमीकमी प्रवाह घेते आणि शेवटच्या टप्प्याला कित्येक तास लागतात. तेवढ्यात सूर्य मावळतो. रोज थोडी अपुरी राहिलेली घटमाला तशीच वापरली, तर पट्ट्यांवरील लेड सल्फेटाचे स्फटिक कठीण होतात व ते पुन्हा सहज विरघळत नाहीत. थंड प्रदेशात आणखी एक धोका असतो. पूर्ण भारित घटमालेतील विद्राव −५०° से. खालीही गोठत नाही. रिकाम्या घटमालेतील विद्राव मात्र −१०° से.च्या आसपासच गोठून पेटी फुटू शकते.

अलीकडे लिथियम-लोह-फॉस्फेट घटमाला रूढ झाली आहे. ती वजनाने बरीच हलकी असून तिच्यातील ८० टक्के ऊर्जा निर्धास्तपणे वापरता येते. तथापि ०° से. खाली तिचे भारण करू नये. तसे केल्यास ऋणाग्रावर धातुरूप लिथियमाचा थर बसून ती कायमची बिघडते.

सुरक्षितता : बारा व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून हे संच निरुपद्रवी मानले जातात. धोका असतो तो आगीचा. २३० व्होल्टवर १,२०० वॉटसाठी सु. ५ अँपिअर प्रवाह पुरतो. १२ व्होल्टवर १०० अँपिअर लागतो. बारीक तार किंवा सैल जोड अशा प्रवाहाने तापतो. घटमालेचे लघुमंडल (शॉर्टसर्किट) झाल्यास प्रवाह हजारो अँपिअरपर्यंत जाऊ शकतो. यास्तव मुख्य वितळतार घटमालेच्या धनाग्राशेजारीच असावी लागते. दूर बसविल्यास मधली तार असंरक्षित राहते. शिसे-अम्ल घटमालेतून भारणाच्या वेळी हायड्रोजन वायू निघत असल्याने तिच्या कप्प्याला वायुवीजन हवे. नौकेवर खारट हवेने तांबे गंजते, म्हणून कथिलाचा मुलामा दिलेल्या तारा वापरतात.

लिथियम घटमालेतील इलेक्ट्रॉनीय संरक्षक मंडल विद्युत् दाब, तापमान वा प्रवाह मर्यादेबाहेर गेल्यास घटमाला एकदम तोडून टाकते. तिचा दाब जवळजवळ अखेरपर्यंत स्थिर राहत असल्याने व्होल्टमापकावरून आगाऊ सूचना मिळत नाही. आत गेलेले व बाहेर आलेले अँपिअर-तास मोजणारा मापक ठेवावा लागतो. व्हॅनमध्ये असा खंड पडल्यास फ्रिजमधील दूध नासते. समुद्रात रात्री मार्गदर्शक दिवे, रेडिओ व तळाचे पाणी उपसणारा पंप एकाच वेळी बंद पडतात. म्हणून अनेक नौकांवर मोठ्या लिथियम घटमालेबरोबर एक लहान शिसे-अम्ल घटमाला वेगळी ठेवून ही तीन उपकरणे तिच्यावर चालवितात.