धुलाईत सापडलेली ठेव

तिरोडा तालुक्यातील बोदलकसा जलाशयावरून परतणाऱ्या मोटारी धुलाई केंद्रावर थांबतात. विसरलेली वस्तू आसनावरच दिसली, तर ती तेथेच परत करता येते. धूळ ओढणाऱ्या यंत्राची पिशवी झटकताना कर्णफूल हाती येते, तेव्हा मात्र गाडी गोंदियापार गेलेली असते.

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७१ नुसार वस्तू सापडून ती ताब्यात घेणाऱ्यावर ठेव सांभाळणाऱ्याइतकीच जबाबदारी येते. कलम १६९ विक्रीची मुभा देते, पण अटींवर. वस्तू सर्वसाधारणपणे विक्रीस येणारी हवी. धनी रास्त शोधानेही सापडत नसावा किंवा रास्त खर्च देण्यास नकार देत असावा. शिवाय वस्तू नासण्याच्या किंवा तिचे बहुतांश मूल्य गमावण्याच्या बेतात असावी, अथवा सांभाळाचा खर्च किमतीच्या दोन तृतीयांशांवर पोचलेला असावा. कर्णफूल काही नासत नाही.

समंतभद्राचार्यांचा रत्नकरंड श्रावकाचार त्याहून कठोर आहे. ठेवलेले, पडलेले वा विसरलेले परधन स्वतः घेऊ नये, इतकेच तो सांगत नाही. ते दुसऱ्यास देणेही अचौर्याणुव्रतात बसत नाही. सापडलेले नाणे दानपेटीत टाकून मोकळा होणारा सज्जन व्यापारी येथे थबकेल!

उरते ती वही: तारीख, गाडीचा क्रमांक, वस्तूचे वर्णन, दोघांच्या सह्या. दहा रुपयांचे नाणेही तीतच.